आम्ही कर भरीत नाही!

पुण्याच्या बुधवार पेठेत राहणाऱ्या माणसाला व्यवहार शिकण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. एका अंगाला तुळशीबाग, दुसऱ्या अंगाला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, मध्ये तपकीर गल्लीतला विजेच्या सामानाचा बाजार, आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला तांबडी जोगेश्वरी! दिवाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत येथे मुद्दाम कान न लावताही जे ऐकू येते, त्यावर एक लहानसा ग्रंथ सहज होईल. "पावती कच्ची देऊ की पक्की?" "पक्कीला कर पडेल हो, वहिनी." "मग कच्चीच द्या. सरकारच्या कराशी आम्हांला काय करायचंय?" आणि दुकानाची पायरी उतरता उतरता कोणीतरी आजोबा निर्वाळा देतात, "आमच्या वाडवडिलांच्या वेळी हे असलं काही नव्हतं. इंग्रजांनी आणलं आणि आपल्या लोकांनी वाढवलं!"

वस्तूंवरील कराविषयी ज्या समजुती आपल्यात रूढ आहेत त्या जवळजवळ सगळ्या या चार वाक्यांत येऊन गेल्या. कर नवा आहे. तो परक्यांनी आणला. तो दुकानदार भरतो. पावती टाळली की तो वाचतो. यांत आणखी एक भर घातली, म्हणजे यादी पुरी होते. ती अशी की, वस्तू बाहेरगावाहून आणली तर कर चुकतो. मी काही अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक झालेला, दिवसा मुले शिकविणारा आणि रात्री कादंबऱ्या लिहिणारा साधा माणूस. पण जुन्या कागदांचा नाद आहे, आणि ज्या पेठेत राहतो तिला या विषयाचा बराच जुना अनुभव आहे. तेव्हा फराळाचे ताट बाजूला ठेवून नव्हे, ते समोर घेऊनच, वाचकांनी या समजुती एकेक करून तपासून पाहाव्यात.

पहिली समजूत वाडवडिलांची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा एक अधिकारीच आहे. गावाच्या वेशीजवळ त्याचे ठाणे असे. व्यापाऱ्याने तेथे माल आणावा, त्याचे माप आणि किंमत तीन वेळा पुकारावी, आणि विक्री झाली की शुल्क द्यावे, असा नियम. गिऱ्हाइकांच्या चढाओढीने बोली वाढली, तर वाढलेली किंमत शुल्कासह राजाच्या कोशात! म्हणजे लिलावाची मजा व्यापाऱ्याची आणि फायदा राजाचा. पण हाच शास्त्रकार पुढे सांगतो की लग्नासाठी, बाळंतपणासाठी, मुंजीसाठी, देवपूजेसाठी नेलेल्या सामानावर शुल्क घेऊ नये. करातून सूट कोणाला द्यायची, हा आजच्या प्रत्येक अर्थसंकल्पातला वादही असा दोन हजार वर्षांचा जुना आहे.

इतके मागे जायचे नसेल तर पेशवाईत या. बाजारभावावर देखरेख ठेवणाऱ्या कोतवालाची चावडी आमच्या बुधवारातच होती. जुने लोक दगडूशेठ गणपतीजवळच्या जागेला अजून कोतवाल चावडी म्हणतात. त्या काळी जकातीचे जे प्रकार होते त्यांत दोन नावे मोठी बोलकी आहेत. जेथे माल भरला तेथे द्यायची ती थळभरीत आणि जेथे तो विकला तेथे द्यायची ती थळमोड. थळमोड म्हणजे विक्रीच्या जागी द्यायचा कर. 'सेल्सटॅक्स' या शब्दाला प्रतिशब्द शोधण्यासाठी समित्या बसविण्याची गरज नव्हती. तो आपल्याजवळ होताच.

शिवाय कारागीर आणि दुकानदार यांच्यावर मोहतर्फा होता तो निराळाच. म्हणून तर नवी पेठ वसवायची झाली की शेटे-महाजनांना कौल देऊन, जे उदमी येऊन राहतील त्यांना काही वर्षे जकात आणि मोहतर्फा माफ करीत. कर नसताच तर माफ काय केले असते? वाटेत जकातीची नाकी इतकी असत की, व्यापाऱ्यांकडून ठोक रक्कम घेऊन माल मुक्कामापर्यंत सर्व नाक्यांतून सोडवून नेणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. त्यांना हुंडेकरी म्हणत. आज कराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या सल्लागारांच्या पाट्या पेठेच्या जिन्याजिन्यांवर दिसतात. त्यांना पाहिले की मला हुंडेकऱ्यांची आठवण होते.

आता बाहेरून माल आणण्याची गोष्ट. या बाबतीत शिवछत्रपतींचे १६७१ सालचे एक पत्र प्रत्येक शाळकरी मुलाला शिकवावे असे आहे. ते कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना लिहिलेले आहे. विषय अगदी घरगुती, मिठाचा. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात, म्हणजे आजच्या गोव्यात, मीठ स्वस्त पडे. संगमेश्वराकडचे स्वराज्यातले मीठ त्या मानाने महाग. व्यापारी साहजिकच बारदेशाकडे वळू लागले. महाराजांनी मीठ आणण्याची बंदी केली नाही. त्या मिठावर जकात अशी बसवा की, खर्चवेच धरून ते संगमेश्वरी मिठाच्या भावाला येऊन भिडेल, असा त्या आज्ञेचा आशय आहे. तसे न केले तर आपली मिठाची पैदास बसेल आणि सरकारचे उत्पन्न बुडेल, हे त्यामागचे कारण.

हा विचार किती दूरचा होता ते पाहा. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या एकामागून एक राज्यांनी विक्रीकर बसविला. वायव्येकडील वॉशिंग्टन राज्याने १९३५ साली तो बसविला; पण शेजारच्या ऑरेगन राज्यात तो नव्हता, आजही नाही. लोक नदी ओलांडून ऑरेगनात खरेदीला जाऊ लागले तर आमच्या दुकानदारांनी काय करायचे? म्हणून त्याच वर्षी वॉशिंग्टनने वापरकर बसविला. वस्तू कोठूनही आणा. कर न भरता आणली असेल तर ती येथे वापरण्याबद्दल तितकाच कर येथे भरा. १९३७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कर वैध ठरविला. आज अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना तेथील अनेक राज्यांच्या विवरणपत्रांत या वापरकराची ओळ भेटते, आणि "परराज्यातून मागविले, म्हणजे कर नाही" ही समजूत तेथेही आहेच. बारदेशच्या मिठाचे तत्त्व तेच होते, आणि ते या कायद्याच्या आधी २६४ वर्षे सांगितले गेले होते.

आपल्याकडे हाच वापरकर जकात या नावाने नांदला. आपल्या संविधानात राज्यांना दिलेल्या विषयांच्या यादीत ५२ वी नोंद अशी होती की, एखाद्या स्थानिक क्षेत्रात उपभोगासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर कर घेता येईल. यातला 'वापरासाठी' हा शब्द महत्त्वाचा. मुंबईहून स्वतःच्या घरासाठी आणलेल्या कपाटावर नाक्यावर जकात मागितली की पुणेकर संतापून म्हणे, "अहो, मी काय व्यापारी आहे? माझ्या घरी ठेवायचंय!" तो विकत नव्हता हे खरे, पण वापरणार होता ना! पुण्यातली जकात ३१ मार्च २०१३ च्या रात्री संपली. दुसऱ्या दिवसापासून स्थानिक संस्था कर आला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून तोही वर्षाला पन्नास कोटींहून कमी उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांवरून उठला. २०१६ च्या घटनादुरुस्तीने ती ५२ वी नोंदच गेली. नाके गेले, ठिकाणांची नावे मात्र राहिली. अजून कित्येक जण 'जकातनाका' म्हणूनच बसमधून उतरतात.

मोटारींच्या बाबतीतही तेच झाले. शेजारच्या राज्यात कर कमी म्हणून गाडी तेथून आणावी आणि येथे चालवावी, ही युक्ती पुष्कळांना सुचली. तेव्हा १९८७ साली महाराष्ट्राने बाहेरून येणाऱ्या मोटारींवर प्रवेशकराचा कायदा केला. आणि २०१७ पासून तर तत्त्वच असे ठरले की, वस्तूवरचा कर ती जेथे वापरली जाते त्या राज्याकडे जावा. बंगलोरहून घरबसल्या मागविलेल्या वस्तूवरही पावतीत कर लागलेला असतो, आणि त्यातला राज्याचा हिस्सा महाराष्ट्राकडे येतो.

तिसरी समजूत, "इंग्रजांनी आणला." अर्वाचीन विक्रीकराचा हिंदुस्थानातला पहिला कायदा झाला तो नागपुरास! १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या लोकनियुक्त विधिमंडळाने पेट्रोल आणि वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या शेकडा पाच टक्के कर बसविला. दिल्लीच्या सरकारने हरकत घेतली की, हा तर अबकारी कर, तो आमचा अधिकार. प्रकरण नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर असे तिघे न्यायाधीश बसले. तेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातले ग्रंथालय त्यांच्याच नावाचे. डिसेंबर १९३८ मध्ये मत मिळाले ते प्रांताच्या बाजूने. माल तयार होण्यावरचा कर वेगळा आणि तो विकण्यावरचा कर वेगळा. विक्रीवरचा कर प्रांताचा. म्हणजे इंग्रजी अमदानीत, हिंदी मंत्र्यांनी, दिल्लीशी भांडून मिळविलेला हा हक्क आहे. लगेच १९३९ साली मद्रासेत राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने जवळजवळ सर्व मालावर विक्रीकर बसविला, कारण दारूबंदीने दारूचे उत्पन्न गेले होते. मुंबई प्रांतात १९४६ सालचा विक्रीकर कायदा १ ऑक्टोबरपासून अंमलात आला, तेव्हा बाळासाहेब खेर मुख्य प्रधान होते.

पुढे १९५३ चा कायदा, मग १९५९ चा, मग १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. "विक्रीकर गेला एकदाचा!" असे तेव्हा म्हणणारे पुष्कळ भेटले. गंमत अशी की, ज्या पेट्रोलवर १९३८ साली नागपुरास आरंभ झाला, ते पेट्रोल अजून या नव्या कराच्या बाहेरच आहे. त्यावर राज्याचा जुना विक्रीवरचा कर चालूच आहे.

आता मुख्य समजुतीकडे येतो. नागरिकशास्त्राच्या तासाला एकदा मी वर्गाला विचारले, "कोणाकोणाच्या घरी कर भरतात?" चाळिसांतले तीन हात वर झाले, एकाचे वडील बँकेत, एकाचे कारखान्यात, तिसऱ्याची आई डॉक्टर. मागच्या बाकावरच्या एका मुलीची आई मंडईबाहेर गजरे विकते. ती खाली मान घालून म्हणाली, "आमच्या घरी नाही भरत, सर." तिच्या आवाजात शरम होती, ती मला खटकली. मी फळ्यावर लिहिले, साबण, दंतमंजन, खोबरेल, चप्पल, विजेचा दिवा, मोबाईलचा रिचार्ज. "यातलं काय काय घेता?" सगळेच घेत होते. मग प्रत्येकापुढे कर लिहीत गेलो, तशी तिची मान हळूहळू वर आली.

आयकर भरणारा तो करदाता आणि बाकीचे फुकटे, अशी एक भाषा अलीकडे बैठकीतून फार ऐकू येते. "आमच्या पैशावर यांच्या सवलती चालतात!" बोलणाऱ्याला हे ठाऊक नसते की, ज्यांना तो हे ऐकवतो त्या मोलकरणीने सकाळीच साबणाच्या वडीवर त्याच्याइतकाच कर भरलेला असतो, आणि तिच्या मिळकतीच्या मानाने तो त्याच्याहून जड असतो. कायदा व्यापाऱ्याला जबाबदार धरतो, कारण कोट्यवधी गिऱ्हाइकांच्या दाराशी सरकार जाऊ शकत नाही. पण भरणा व्यापाऱ्याच्या हातून झाला तरी पैसा गिऱ्हाइकाचा. व्यापाऱ्याने कर म्हणून घेतलेला पैसा सरकारात भरलाच पाहिजे, असे कायद्याचे कलमच आहे.

हा कर दिसत नाही, म्हणून तो आहे हे पटत नाही. १९५७ साली कापड, साखर आणि तंबाखू यांवरचा राज्यांचा विक्रीकर काढून त्याऐवजी केंद्राची जादा अबकारी बसविली. लक्ष्मी रस्त्यावरच्या पावतीवरून कराचा आकडा नाहीसा झाला. कित्येक वर्षे लोक सांगत राहिले, "कापडाला कर नसतो." कर होता, तो गिरणीच्या दारातच किमतीत शिरून बसला होता. पुस्तकांचेही तेच. छापील पुस्तकावर कर नाही, याचा कादंबरीकार या नात्याने मला आनंदच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबरही करमुक्त झाले. पण पुस्तकाच्या कागदाला, शाईला, छपाईला कर पडतो, आणि पुस्तकावर कर नसल्यामुळे प्रकाशकाला त्याची वजावट मिळत नाही. तो पुस्तकाच्या किमतीत राहतो. 'करमाफ' याचा अर्थ शेवटच्या पायरीवर माफ, इतकाच.

येथेच कच्च्या पावतीचे गणित येते. तपकीर गल्लीतल्या एका पंख्याचे उदाहरण घेऊ. कर १८ टक्के. सोयीसाठी आकडे लहान धरतो. कारखान्याने घाऊक व्यापाऱ्याला तो १०० रुपयांना दिला, कर १८. घाऊक व्यापाऱ्याने दुकानदाराला १५० ला दिला, कर २७. त्यातून आधीचे १८ वजा जाऊन त्याने सरकारात भरले ९. दुकानदाराने गिऱ्हाइकाला २०० ला विकला, कर ३६. त्यातून २७ वजा जाऊन त्याने भरायचे ९. गिऱ्हाइकाने दिले २३६. मूल्यवर्धित कर म्हणतात तो हाच. १९५४ साली फ्रान्सने तो रुजविला. जुन्या पद्धतीत करावर कर चढे, तो यात चढत नाही.

आता कच्ची पावती. दुकानदाराने माल पक्क्या पावतीवर घेतला, तेव्हा १५० अधिक २७, म्हणजे १७७ रुपये त्याच्या खिशातून गेलेच. स्वतःचे ५० मिळवून तो २२७ च्या खाली कशाला देईल? म्हणजे ३६ वाचले असे गिऱ्हाईक समजते, प्रत्यक्षात वाचले फार तर ९. त्या नऊ रुपयांसाठी हमीपत्राचा आधार गेला, ग्राहक आयोगापुढे दाखवायचा पुरावा गेला. आणि दुकानदाराने भाव २३६ चाच सांगून कच्ची चिठ्ठी हाती दिली, तर गिऱ्हाइकाने कर भरला, पण तो सरकारात पोचलाच नाही.

दोन लहान गोष्टी याच संदर्भात ध्यानात ठेवाव्यात. वेष्टनावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा कर लावून मागणे गैर आहे. आणि आपसमेळ योजनेतला लहान दुकानदार गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही. तसे त्याने पावतीवर लिहिलेही पाहिजे. मातीच्या पणत्या विकणाऱ्या बाईकडे तर पावती मागत बसू नका. पणतीवर कर नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. नऊ रुपयांसाठी नव्हे. ज्याला आपण काही दिलेले आहे हे ठाऊक नाही, तो हिशेब मागत नाही. शाळेचे छप्पर गळते, दवाखान्यात औषध नसते, गल्लीतला रस्ता चार महिने उकरलेला राहतो, आणि गजरेवाली बाई गप्प बसते, कारण "आम्ही कुठे कर भरतो?" तिला तसे वाटणे अनेकांच्या सोयीचे असते. पावतीवर कराचे दोन आकडे असतात, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. ते वाचता येणे ही साक्षरतेची पुढची इयत्ता आहे. मी तरी माझ्या वर्गात ती शिकवितो. अभ्यासक्रमात ती नाही, पण परवानगी लागण्याइतकी मोठीही नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेत दुकानोदुकानी वह्यांची पूजा होते. नव्या वहीवर हळदकुंकू वाहिले जाते, पहिल्या पानावर 'श्री' निघते. त्या वहीत पुढे वर्षभर कराच्या रकमा लिहिल्या जातील आणि सरकारी चलनावर नाव येईल दुकानदाराचे. त्याला पेढा द्यायला अवश्य जावे. पेढा देता देता एवढेच मनात असू द्यावे, की त्या वहीतली कराच्या सदराखालची प्रत्येक रक्कम आपणच कोणीतरी दिलेली आहे. त्यात गजरेवालीचेही पैसे आहेत.